खोला घेऊन भिवंडीला

समुद्रकाठच्या माणसांनी जाळं शिकायला भिवंडीला जायचं, हे ऐकून आमच्या गावात लोक हसले. त्यांचं काही चुकलं नाही. दुसरं कोणी निघालं असतं तर मीही हसले असते. भिवंडी म्हणजे माग आणि गोदामं, तिथे जाळ्यातलं कोणाला काय कळणार? पण मी जाऊन आले, तीन दिवस राहून आले आणि शिकूनही आले. ज्यांना जायला जमलं नाही त्यांच्यासाठी सगळं लिहून ठेवते, म्हणजे बंदरावर भेटेल त्याला पहिल्यापासून सांगत बसायला नको.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर. नवरा गेल्यापासून बोट माझ्या नावावर आहे, म्हणून गाव मला नाखवीण म्हणतं. तोंडावर आदराने म्हणतं, मागून कसं म्हणतं तेही मला ठाऊक आहे. बोटीवर तांडेल आहे, खलाशी आहेत, आणि जाळं करतो माझा धाकटा दीर, पांडू. पांडूभावजींच्या हातचं जाळं म्हणजे आजूबाजूच्या गावांत कोणी डोळे मिटून घ्यावं. त्यांचा स्वभाव मात्र डोळे उघडे ठेवूनच घ्यावा लागतो.

दोन वर्षांपूर्वी एका मत्स्य संशोधन केंद्राच्या कार्यक्रमातून प्राजक्ता मॅडम आमच्याकडे यायला लागल्या. मूळच्या लातूरच्या. समुद्र नोकरी लागल्यावरच पहिल्यांदा पाहिला, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं आणि तिथेच त्या मला आवडल्या. सकाळी बोटी लागल्या की खुणा केलेल्या फळीवर एकेक मासा ठेवून त्याची लांबी लिहायच्या. आम्हा बायकांना पेटीत बर्फ आणि मासळीचे थर कसे लावायचे ते त्यांनी दाखवलं. आम्ही पिढ्यानपिढ्या मासळी विकतो, आम्हाला कसलं शिकवताय, असं मी आधी म्हटलं. नंतर माझी मासळी दुपारपर्यंत ताठ राहायला लागली तेव्हा गप्प बसले. वाऱ्याचा इशारा फोनवर यायची सोयही त्यांचीच. एकदा तो इशारा वाचून आमच्या तांडेलाने अर्ध्या वाटेतून बोट फिरवली होती आणि संध्याकाळी काय वारं सुटलं ते गावाने पाहिलं.

मग आला चौकोनी खोला. ओढायच्या जाळ्याच्या शेपटाला जी पिशवी असते, जिथे सगळी मासळी गोळा होते, तिला आम्ही खोला म्हणतो. जाळं पाण्यात ओढलं की खोल्याची आस, म्हणजे जाळ्याचं एकेक भोक, ताणून मिटतं आणि कोवळी मासळीही आत अडकून मरते. ती विकली जात नाही, कोंबड्यांच्या खाद्यासाठी वाळवून कुटतात त्या कुटीच्या गाडीत जाते. पुढच्या वर्षीची सुरमई आपण यंदाच मारतोय, असं मॅडम म्हणायच्या. आस चौकोनी केली तर ती ओढताना मिटत नाही आणि बारकी मासळी निसटून जाते. सभेत सगळे नाखवे छताकडे बघत होते, तेव्हा मी उभी राहून म्हटलं, माझ्या बोटीला पहिला लावा.

पांडूभावजींनी मॅडमच्या नकाशावरून खोला केला, बोटीला लावला, आणि काही फरक पडला नाही. बारकी मासळी पहिल्यासारखीच मेली. मॅडमनी वहीत तसं प्रामाणिकपणे लिहिलं. गावाने मात्र वहीत न लिहिता चावडीवर बोलून दाखवलं. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठायच्या आधीच्या रविवारी सोसायटीची सभा होती, आणि त्यात ठरणार होतं की खोला सगळ्या बोटींना लावायचा की मॅडमना नमस्कार करून कार्यक्रम गावातून उठवायचा. म्हणजे बर्फाचं शिक्षण गेलं, वाऱ्याचा इशारा गेला आणि माझा शब्दही गेला.

मॅडम म्हणाल्या, भिवंडीत एक कारखाना आहे, क्रिकेटची आणि गोदामांची जाळी शिवतात, सगळी चौकोनी आसेची. एकदा बघून येऊ. पांडूभावजींना यातून एवढंच ऐकू आलं, की आता खोला भिवंडीहून तयार येणार आणि आपल्या हाताला काम राहणार नाही. तरी ते निघाले. मला वाटतं, भांडायलाच निघाले.

गुरुवार : कशेळी

एसटीचा प्रवास सांगत नाही, फक्त वासाचं सांगते. भावजींनी फसलेला खोला गोणीत भरून बरोबर घेतला होता. धुतलेला होता, पण आमचं धुतलेलं म्हणजे आमच्यापुरतं. कंडक्टरने दोनदा विचारलं, यात मासे आहेत का. तिसऱ्यांदा विचारल्यावर भावजी म्हणाले, "मासं असतं त एवरं उतरलेलं तोंड घेऊन आलो असतो काय?" कंडक्टरला काही कळलं नाही, मला कळलं.

ठाण्यावरून रिक्षा केली. कशेळीच्या पुलावर आमच्या पुढे कंटेनर, मागे कंटेनर, आणि खाली खाडी. रिक्षा इतका वेळ एका जागी उभी होती की खाडीचं पाणी चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. भावजींनी ओहोटी संपल्याची वेळ बरोबर सांगितली. रिक्षावाल्याने त्यांच्याकडे वळून बघितलं.

उतरलो जनार्दनशेठकडे. मॅडमच्या कार्यक्रमातला खाडीचा भाग ते बघतात. बाप-आजे खाडीत मासे मारायचे. आता शेतांवर गोदामं उभी आहेत आणि शेठ भाड्याचे मालक आहेत. घर दोन मजल्यांचं, पण ओट्यावर हाताने फेकून पागायचं जुनं जाळं टांगलेलं. त्यांच्या घरातल्या वहिनींनी तांदळाच्या भाकऱ्या आणि खाडीतल्या निवट्यांचं कालवण वाढलं. आमच्याकडे कालवणात कोकम घालतात, त्यांनी चिंच घातली होती. मी पहिल्या घासाला नाक मुरडलं आणि तिसरी भाकरी मागून घेतली. मॅडम शाकाहारी, त्यांनी वालाची उसळ खाल्ली आणि निवट्याची लांबी किती भरते ते मात्र विचारलं.

जेवणानंतर शेठ आम्हाला खाडीवर घेऊन गेले. होडीत बसून त्यांनी दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडली. ती दिसेनाशी झाली तिथे दोरीला चिमूट धरली, वर काढून गाठी मोजल्या आणि वहीत आकडा लिहिला. पाणी किती गढूळ ते यावरून कळतं. हे ते दर अमावास्येला आणि पौर्णिमेला करतात.

"शेठ, तुम्हाला याची काय गरज?" मी विचारलं. "गोदामं आहेत की."

"गोदामानी पोट भरतंय, ताई. पन खाडीचं कोनी इचारलं नव्हतं मना इतकी वर्सं. या मॅडमनी इचारलं, की पह्यलं पानी कसं होतं. मी बोललो, तं लिवून घेतलं त्यांनी." ते दोरी गुंडाळत म्हणाले. "आमच्या बाबांचं कंदी कोनी लिवून घेतलं न्हाय."

भावजी होडीच्या टोकाला बसून ऐकत होते. थाळी दुसऱ्यांदा सोडली तेव्हा दोरी त्यांनी धरली.

शुक्रवार : गणेशपुरी

आता फजितीचं. शुक्रवारी सकाळी तयार होऊन निघालो, तर शेठ दारात उभे राहून हसायला लागले. भिवंडीत शुक्रवारी सुट्टी. माग बंद, कारखाना बंद. लातूरच्या मॅडमना माहीत नव्हतं आणि आम्हाला तर नव्हतंच. आमची सुट्टी भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर, वार बघून जाळं टाकायचं कोण थांबतं? मॅडम बिचाऱ्या इतक्या खजील झाल्या की मलाच त्यांची समजूत घालावी लागली.

मग एसटीने गणेशपुरीला गेलो. दोन्ही बाजूंनी भातलावणी चालली होती, गुडघाभर चिखलात बायका ओळीने वाकलेल्या. आमचा हा मोसम हात बांधून बसायचा, त्यांचा कंबर मोडायचा. गणेशपुरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. भावजींनी जन्म समुद्रात काढलाय, वादळात बोटीखालून पोहून आलेत, पण त्या कुंडात त्यांनी पायाचा अंगठा घातला आणि चटकन मागे घेतला. शेवटी एका म्हाताऱ्या भाविकाने त्यांचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. मी तोंडाला पदर लावून हसले. मॅडमनी फोटो काढला तो अजून माझ्या फोनवर आहे.

गोणी त्या दिवशीही खांद्यावर होती. शेठच्या घरी ठेवा म्हटलं तर ऐकेनात. परतीच्या स्टॉपवर भाताच्या रोपांची जुडी घेऊन एक शेतकरीण बसली होती. तिने विचारलं, "काय हाय त्यात?"

"जालं."

"कंच्या तल्यावं निंगालास?"

"न्हाय. फसलंय ते. दाखवायला नेतोय."

"फसलंय तं एवरं जपतोस कशाला?"

भावजींनी गोणी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "मी केलंय म्हून," ते म्हणाले. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. माझा शब्द सभेत गेला असता तर मी चार दिवसांनी दुसरा दिला असता. त्यांच्याकडे हातांशिवाय दुसरं काही नव्हतं.

शनिवार : भिवंडी

शनिवारी सगळं शहर एकदम बोलायला लागलं. गल्लीत शिरलो की दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, इतकी की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागतं. आमच्या बोटीचं इंजिन मला मोठं वाटायचं, ते आता वाटत नाही. कामगार दारात चहा पीत होते, कोणी हिंदीत बोलत होतं, कोणी मराठीत, एकच माणूस अर्धं वाक्य यात आणि अर्धं त्यात करत होता. पाऊस, चिखल, खड्डे यांचं वेगळं सांगत नाही, माझी एक चप्पल तिथेच राहिली.

जाळ्यांचा कारखाना एका लांबट शेडमध्ये होता. दारात भावजी थबकले आणि मीही थबकले. जमिनीवर हिरवं जाळं भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेलं, आणि त्याच्या बरोब्बर मध्यभागी चार बायका मांडी घालून शिवत बसलेल्या. एक तर उठून, जाळं तुडवत, पाण्याची बाटली आणायला गेली.

इथे आमची रीत सांगायला हवी. आमच्याकडे पसरलेलं जाळं बाईने ओलांडायचं नसतं. नाखवीण झाले तरी मी कडेने वळसा घालून जाते. मॅडम पहिल्या दिवशी गावात आल्या, तेव्हा मीच त्यांना बजावलं होतं, बाकी काही करा पण जाळ्यात पाय ठेवू नका. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की भावजी खोला कापत होते तेव्हा त्या लांब ओट्यावर उभ्या राहिल्या. कुठे कसं कापायचं त्या नकाशाचा कागद तेवढा माझ्या हातून पाठवला.

मध्यभागी बसलेल्या बायकांतली वयाने मोठी होती ती जुबेदाआपा. शिवणाचं काम तिच्या हाताखाली. आधी ती ब्लाउज आणि परकर शिवायची, मग जाळ्यांकडे वळली. मॅडमनी तिला आमचं काम सांगितलं. आपाने भावजींना खुणेने आत बोलावलं. भावजींनी चपला काढल्या, देवळात जावं तसे आत गेले आणि गोणी रिकामी केली.

आपाने वासावरून काही म्हटलं नाही. खोल्याचं एक टोक भावजींच्या हातात दिलं, दुसरं आपण धरलं आणि ओढलं. सगळी आस एका क्षणात मिटली. तिने ढिलं सोडलं, आस उघडली. परत ओढलं, मिटली.

"भाईसाब," ती म्हणाली, "तुमी हे उरेब लावलंय."

भावजी बघत राहिले. मलाही कळायला थोडा वेळ लागला. उरेब म्हणजे कापडाचा तिरका काप, ब्लाउजच्या गळ्याला पट्टी लावतात तो. आपाने बाजूची कापडाची चिंधी उचलली. "देखो. धाग्याच्या सीध में ओढा, कुछ नाही. कोन्यातून ओढा, कसा लांब होतो आणि बारीक होतो. गल्याला चांगला. थैलीला नाही चलेगा. थैलीला धागा सीधा पायजे, खींचने के रुख में."

"खोला सरल पिशवी असते," भावजी म्हणाले. "सरल पिशवीला मी सरल कापला."

"तुमी सीधा कापला, पण जाळी आधीच तिरकी बनून येते ना कंपनीतून. म्हणून तिला तिरकी कापायची, मग धागा सीधा येतो."

मॅडमनी नकाशाचा कागद काढला. त्यात तिरकी रेघ अगदी ठळक होती. मी भावजींकडे बघितलं. ते कागदाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

"हा कागद मना उलटा वाटला," ते शेवटी म्हणाले. "म्हून मी जरा फिरवला. फिरवल्यावं बराबर बसला."

जाळं फिरवायचं होतं, भावजींनी कागद फिरवला होता. वाळूवर पसरलेलं जाळं लांबून बघितलं तर आस चौकोनीच दिसते, त्यामुळे ओट्यावर उभ्या असलेल्या मॅडमना काही वेगळं दिसलं नाही. जाळ्यात येऊन एकदा हाताने ओढून बघितलं असतं तर तिथेच कळलं असतं. ते त्यांनी का केलं नाही, हे तिथे मला एकटीला माहीत होतं आणि मी ते सांगून टाकलं. चूक जेवढी भावजींची होती तेवढीच माझी होती. मला लाज वाटली, आणि आनंदही झाला, कारण खोला खोटा नव्हता.

पुढचे तीन तास मी तिथेच बसून राहिले. आपाने भावजींना एक तुकडा तिरका कापायला लावला. जाळ्याचे कोपरे वाया जातात म्हणून कात्री चालवताना त्यांचा जीव तुटत होता. पण शिवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपली सुई काढली आणि अशी गाठ मारली की चारही बायका काम सोडून बघायला आल्या. आपाने ती गाठ नखाने सरकवून बघितली. सरकली नाही.

"आमची गाठ गोदामासाठी ठीक आहे," ती म्हणाली. "दर्या में नाही टिकणार. मॅडम, हा खोला आमच्याकडून नका घेऊ. यांनाच करू द्या." आणि भावजींना म्हणाली, "ही गाठ मला दाखवून जा."

भावजींनी दाखवली, हळूहळू, तीनदा. घरी ते ती गाठ कोणाला दाखवत नाहीत.

जेवायला आपाने आम्हाला तिथेच बसवलं. मसूरडाळ, भात आणि लोणचं, मॅडमना चालेल असंच मागवलं होतं. मी बरोबर आणलेले सुके बोंबील तिला दिले. निघताना तिने भावजींच्या गोणीत, परत भरलेल्या खोल्यावर, बाजूच्या मागांवरच्या टाकाऊ कांड्या भरून दिल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसते ती, सूत गुंडाळायची. वीतभर लांब, एका टोकाला निमुळती. शिवलेल्या तुकड्यात तिने मूठभर कांड्या टाकल्या, दोघांनी ओढलं, आणि त्या ताणलेल्या आसेतून एकेक करून खाली पडल्या. मी एक उचलून हातात धरली. कोवळी सुरमई बरोब्बर एवढीच असते.

रविवार : आमचं बंदर

सभा आठ दिवसांनी झाली. पावसाने उघडीप दिली होती, म्हणून मी हट्टाने ती सोसायटीच्या खोलीत न घेता वाळूवर घ्यायला लावली. भावजींनी आठवडाभरात नवा खोला कापून शिवला होता आणि सगळ्यांसमोर तो पसरला. एका बाजूला जुना, एका बाजूला नवा. नाखवे गोल करून उभे राहिले, बायका पलीकडे, मॅडम त्यांच्याबरोबर. मी कडेला होते. 

भावजींनी गोणीतल्या कांड्या दोन्ही खोल्यांत टाकल्या. दोन टोकं धरायला माणसं हवी होती. दोन खलाशी पुढे झाले. भावजींनी त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळले.

"वयनी, ये. आत ये. ते टोक धर."

 गावातले सगळ्यात वयस्क नाखवे, गोविंदमामा, घसा साफ करून म्हणाले, "पांडू, बाईमानसाला जाल्यात?"

"हा खोला कसा फसला ते मना म्हाईत हाय, मामा," भावजी म्हणाले. "बाया लांब उभ्या रायल्या म्हून फसला. मॅडम, तुमीपन या."

मी चपला काढल्या. पन्नास वर्षं ज्याला वळसा घातला त्या जाळ्यात पाय ठेवला. ओलं होतं आणि गार होतं, एवढंच. मॅडम माझ्या मागून आल्या, पाऊल जपून टाकत.

आधी जुना ओढला. आस मिटली आणि एकही कांडी बाहेर आली नाही. मग नवा उचलून धरला आणि दोघींनी जोर लावला. आस उघडीच राहिली. कांड्या सुटून आमच्या पायांशी वाळूवर पडायला लागल्या, पहिल्या दोन-तीन, मग सगळ्या.

गोविंदमामा पुढे आले. वाकून त्यांनी एक कांडी उचलली, आसेतून दोनदा घालून काढून बघितली. मग म्हणाले, "माझ्या बोटीचा कंदी कापशील?"

भावजी खोला गुंडाळत होते. वर न बघता त्यांनी मान आमच्याकडे केली. "त्यांना इचार," ते म्हणाले. "या दोघी मोकल्या असतील तवा."